करंजपाड्याच्या वाटेवर मी वाघ झाले

लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही मी वनपाल होते असं कळलं की समोरचा डोळे मोठे करून एकच विचारतो, "मग वाघ पाहिला असेल!" आमच्या नाशकाकडे वाघ नाही, बिबटे आहेत, आणि खेड्यात बिबट्यालाच वाघ म्हणतात, हे सांगत बसायचा मला कंटाळा येतो. मी "पाहिला की" म्हणते. मी स्वतःच वाघ झाले आहे, हे मात्र कुणाला सांगत नाही. संपादकांनी या अंकासाठी जंगलातले थरारक अनुभव मागितले, तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं की थरार माझ्याकडे बेताचाच आहे, भांडणं मात्र पोत्यानं आहेत. ते म्हणाले, भांडणं चालतील.

आधी नोकरी काय असते ते सांगते. जंगलाचा एक तुकडा वनरक्षकाकडे असतो, त्याला बीट म्हणतात. असे काही बीट मिळून राऊंड होतो आणि राऊंड सांभाळतो तो वनपाल. म्हणून पेठच्या बाजूला वनपालाला राऊंडसाहेब म्हणतात. माझ्या वेळी गावकऱ्यांची पंचाईत झाली. थोडे दिवस "राऊंडसाहेबबाई" चाललं, मग मधला साहेब गळून पडला आणि मी राऊंडबाई झाले. तिकडच्या बोलीत मोठ्या माणसाला "अहो-जाहो" करायची रीत नाही. कलेक्टर आला तरी "तू कवा आलास?" असंच विचारतात. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. कुणी उगाच "अहो मॅडम" करायला लागलं की मी समजून जाते, याचं काहीतरी काम अडलेलं आहे.

लोकांना वाटतं आम्ही रोज बिबटे पकडतो. अहो, बिबट्याला पकडून उपयोग काय? एक नेला की त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा येतो. पण "पिंजरा लावा" हा हट्ट सुटत नाही. गंगापूर रोडच्या एका सोसायटीच्या चेअरमनांनी मला एकदा सकाळी सकाळी बोलावलं. बागेत ठसे उमटलेत म्हणाले. मी पाहिले. ठशांना नखं होती. बिबट्या चालताना नखं आत घेतो, कुत्र्याला ते जमत नाही. मी म्हटलं, "काका, हा कुत्रा आहे." गृहस्थांचा चेहरा उतरला. म्हणाले, "पण मागच्या आठवड्यात समोरच्या सोसायटीत खरा आला होता हो. मग आमच्यात का नाही येणार?" जणू मी त्यांच्या सोसायटीचं पाणी तोडलं होतं. शेवटी त्यांनी मला चहा न देता परत पाठवलं.

खरं काम असतं ते हद्दीवर उभं राहून कुणाला तरी "इथून जायचं नाही" म्हणण्याचं. आणि ज्याला म्हणावं त्याचं उत्तर ठरलेलं, "का? सरकारी जागा आहे ना?" सरकारी जागा म्हणजे कुणाचीच नाही असं अर्ध्या लोकांना वाटतं, आणि माझ्या एकटीची आहे असं उरलेल्यांना. मध्ये उभी मी. त्यात स्वभाव तापट. तो किती, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

पेठच्या वाटेवर करंजपाडा नावाचा पाडा माझ्या राऊंडात होता. पाड्याच्या मागून एक वाट डोंगरावर चढते, तिला गुरवाट म्हणतात. गावाची गुरं त्याच वाटेनं वरच्या माळावर चरायला आणि झऱ्यावर पाणी प्यायला जातात. दुसरीकडून जावं तर कडा आहे. वाट जाते आमच्या खात्याच्या जमिनीतून, पण गावाची वहिवाट आमच्या खात्याच्या आधीची. वर माळाच्या कडेला वाघदेव आहे. लाकडाची उभी फळी, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, आणि सगळ्याला शेंदूर. त्याची पूजाअर्चा धर्माबाबा बघायचा. गावाची गुरं राखणारा म्हातारा, काटक, तोंडानं तिखट. आमच्या दोघांचं लगेच जमलं, कारण दोघांनाही भांडायला आवडायचं.

या गुरवाटेवर एका रविवारी नाशकातून मोटारसायकली आल्या.

साध्या नव्हेत. उंच, काटेरी टायरच्या, दिव्याच्या जागी नुसता पत्रा. वर बसलेल्यांच्या छातीला, कोपराला, गुडघ्याला चिलखतं. माझा वनमजूर हिरामण करंजपाड्याचाच. तो म्हणाला, "बाई, हे कुनाशी लढायला आलेत?" सगळ्यात पुढच्यानं हेल्मेट काढलं. आत एक गोरेगोमटे, घामेजलेले, अतिशय सभ्य गृहस्थ निघाले. डॉक्टर केदार, कॉलेज रोडला दातांचा दवाखाना. रस्ता सोडून डोंगरदऱ्यांतून गाडी हाकायचा त्यांचा छंद, आणि त्या छंदाच्या क्लबचे ते अध्यक्ष.

"मॅडम, आम्ही निसर्गप्रेमी आहोत," ते म्हणाले.

"निसर्गाचं काय म्हणणं आहे, विचारलंत का?" मी म्हटलं.

जंगलात रस्ता सोडून गाडी घालता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दंड भरला, माझा नंबर "जंगल मॅडम" म्हणून फोनमध्ये ठेवला, आणि पुढच्या रविवारी पलीकडच्या बाजूनं परत आले. असा सभ्य माणूस फार त्रास देतो. उर्मटाला निदान शिव्या तरी घालता येतात.

मग एका रविवारी दुपारी फोन आला. पलीकडून कुजबुज ऐकू आली.

"मॅडम, मी झाडावर आहे."

"कोण बोलतंय?"

"डॉक्टर केदार. खाली टायगर आहे."

मी जीप काढायला लावली आणि फोन चालू ठेवला. ते एकटेच पुढे गेले होते, ओघळीत गाडी बंद पडली होती, आणि समोरच्या करवंदीच्या जाळीतून बिबट्या उठून उभा राहिला होता.

"मॅडम, बिबट्या झाडावर चढतो का हो?"

"चढतो. तुमच्यापेक्षा बरा चढतो. पण तुमच्यात त्याला रस नाही. उतरू नका, पळू नका. मोठ्यानं बोलत राहा, म्हणजे माणूस आहे हे त्याला कळेल."

"काय बोलू?"

"काहीही बोला! दातांबद्दल बोला!"

मी, हिरामण आणि वाटेत भेटलेला धर्माबाबा त्याच्या गुरांसकट वर पोचलो, तेव्हा अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात रूट कॅनाल म्हणजे काय हे समजावून सांगणं चाललं होतं. डॉक्टर मोहाच्या झाडावर, चिलखतासकट. खाली जरा अंतरावर खडकावर बिबट्या पसरलेला, आणि मधे पडलेली गाडी. त्यानं रात्री मारलेलं कुत्रं जाळीत होतं. जेवण सोडून जायला तो तयार नव्हता, एवढंच.

धर्माबाबा पुढे झाला. हातातली काठी आपटून म्हणाला, "ऊठ रे बाबा. वाटंत बसू नको. त्यो मानूस वर जाऊन बसलाय, त्याला उतरू दे. त्याच्यात खायासारखं काय नाय." मागून गुरांच्या घंटा वाजत होत्या. बिबट्यानं सावकाश मोठी जांभई दिली, उठला आणि झाडीत गेला. म्हाताऱ्याचं ऐकून गेला असं गाव म्हणतं. एवढी गुरं आणि माणसं पाहून गेला असं मी म्हणते. गावापुढे मी फार ताणून धरलं नाही.

डॉक्टर उतरले. पहिलं वाक्य काय बोलावं त्यांनी? "मॅडम, त्याचा वरचा उजवा सुळा किडलाय. दुखत असणार हो बिचाऱ्याला."

त्या क्षणी मला तो माणूस आवडला, आणि तिथंच मी फसले. मी दुसऱ्यांदा दंड करायचं विसरले आणि त्यांनी झाडावरून काढलेला व्हिडिओ पुसायला लावायचंही विसरले.

तो व्हिडिओ शहरभर फिरला आणि पुढच्या रविवारी करंजपाड्याला जत्रा भरली. मोटारसायकली, मोठमोठ्या जीपा, टोप्या घातलेली कुटुंबं. एका बाईनं मला विचारलं, "वाघ किती वाजता येतो?" पंचवटीतला एक भेळवाला गाडी लावून उभा होता. मी त्याच्यावर डाफरले, तर तो म्हणाला, "बाई, गर्दी मी नाय आनली. मी गर्दीच्या मागं आलो."

हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नाही. दोन-चार रविवारांत गुरवाटेची माती चाकांनी उकरली गेली, पावसानं ती वाहून नेली आणि वाटेची घळ झाली. एकदा गुरं उतरत असताना खालून गाड्या आल्या. आवाजाला बुजून धर्माबाबाचा ढवळा बैल घळीत कोसळला. पाय मोडला नाही, पण मुरगळला. म्हातारा त्याच्याशेजारी घळीत बसून होता. मी गेले तर वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "बाई, वाट ग्येली तं गुरं इकाया लागतील. गुरं नाय तं हितं ऱ्हाऊन काय करायचं?" नेहमी भांडणारा माणूस हळू आवाजात बोलला की फार वाईट वाटतं. मला वाटलं.

व्हिडिओ आमच्या रेंजर साहेबांपर्यंत पोचला. रेंजर म्हणजे माझे वरिष्ठ. तरुण, परीक्षा देऊन थेट आलेले, हुशार. वाईट माणूस नव्हता, घाईचा होता. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "पगारे मॅडम, वाटेच्या तोंडाला आडवा चर खोदून टाका. ना गाडी जाईल, ना कटकट राहील."

"आणि गुरं?"

"त्यांचं काहीतरी करू."

शासनात "काहीतरी करू" याचा अर्थ काय होतो, हे मला चांगलं माहीत होतं. मी हुज्जत घातली. गुरांपुरतं फाटक ठेवू म्हटलं. साहेब न्यायाचे, म्हणाले, करून दाखवा.

आणि इथे या धंद्यातली एक गोष्ट मला कळली, ती कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. बैल जाईल तिथून मोटारसायकल जातेच. आम्ही वाटेत सागाचे दोन खांब रोवले. डॉक्टर केदारांना पश्चात्ताप झालेला होता, म्हणून ते स्वतः गाडी घेऊन चाचणीला आले. हँडल तिरकं करून सुळकन निघून गेले. मागून ढवळा आला, त्याची शिंगं खांबात अडकली आणि त्यानं एक खांब उपटून गळ्यात घालून नेला. मग आम्ही नागमोडी फाटक केलं. डॉक्टर वळणं घेत गेले आणि वर म्हणाले, "मजा आली, मॅडम, अजून एक वळण वाढवा." बैल आत शिरेनाच. मग दगडांची उतरंड लावली. तीवर तर डॉक्टरांनी गाडी हवेत उडवली. खाली बसलेलं गाव टाळ्या वाजवत होतं. मी ओरडले, "डॉक्टर, तुम्ही नापास व्हायचंय, पास नाही!"

साहेबांनी हात झटकले. दिवाळीच्या सुट्ट्यांआधी काम उरकायचं ठरलं आणि जेसीबीला नेमका वाघबारशीचा दिवस दिला गेला.

शहरात त्या दिवशी वसुबारस असते, गाय-वासराला ओवाळतात. डोंगरात त्याच दिवशी वाघबारस. गुराखी घरोघर तांदूळ मागतात, वाघदेवापुढे चूल मांडून शिजवतात, आणि सगळ्यांत मोठा कार्यक्रम असतो वाघाचा. गावातलाच एकजण वाघ होतो. अंगावर राखेचे पट्टे ओढतात, हातापायांवर चालायला लावतात. मग गुराखी त्याला विचारतात, "आमच्या शिवारात येशील का?" त्यानं डरकाळी फोडून "येईन" म्हणायचं. ओल्या डहाळ्यांनी त्याला झोडपत माळभर पळवतात आणि पुन्हा विचारतात. पुन्हा "येईन." तिसऱ्या वेळी देवापुढे आणून विचारलं की त्यानं "नाही येणार" असा बोल द्यायचा. तो बोल वर्षभर चालतो. पुढच्या वाघबारशीला पुन्हा मागायचा.

आम्ही पोचलो तेव्हा गाव माळावर होतं. जेसीबी साहेबांच्या जीपमागून गुरवाटेनंच वर आला. डॉक्टर आपल्या क्लबाच्या मंडळींना घेऊन, गाड्या खाली ठेवून, चालत आले होते. मुलांसाठी लाडू आणले होते. दातांच्या डॉक्टरनं लाडू वाटावेत का, हा प्रश्न मी त्या दिवशी काढला नाही.

साहेब म्हणाले, "तुमचा कार्यक्रम आटपा, मग आम्ही काम सुरू करतो."

धर्माबाबानं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग गावाला म्हणाला, "यंदा वाघानं आपलं काय नेलं? दोन शेरडं. त्याचं काय नाय, त्याचं पोट हे. वाटंचा तरास दिला त्यो येगळाच. त्यालाच वाघ करा!"

डॉक्टरांना कळायच्या आत त्यांच्या तोंडावर राख फासली गेली होती.

"येशील का आमच्या वाटंला?" पोरं ओरडली.

"नाही, नाही! अजिबात नाही येणार!" डॉक्टर कळवळून म्हणाले.

सगळं गाव हसून लोळलं. पहिल्याच दमात कबूल होणारा वाघ खोटा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हिरामणनं कानात सांगितल्यावर त्यांनी बारीक आवाजात "येईन" म्हटलं, आणि मग डहाळ्यांचा असा काही मार खाल्ला की चिलखत घरी ठेवून आल्याचा त्यांना खरा पश्चात्ताप झाला असणार. तिसऱ्या वेळी देवापुढे धापा टाकत म्हणाले, "गाडी घेऊन नाही येणार. कुणाला आणूही देणार नाही. आलो तर चालत येईन."

"बरं," धर्माबाबा म्हणाला, आणि साहेबांकडे वळला. "आता दुसरा वाघ. चल, तू ये."

साहेब दोन पावलं मागे सरकले. "मी... मी शासकीय अधिकारी आहे. हे असं मला करता येत नाही. या पगारे मॅडम आहेत ना, त्या खात्यातर्फे होतील."

म्हणजे चर खोदायचा हुकूम त्यांचा, आणि वाघ मी! माझं डोकं सणकलं. वाटलं, ठीक आहे, मला पुढे करता ना, मग बघाच. मी टोपी काढून हिरामणकडे दिली, खाकी गणवेशावर राखेचे पट्टे ओढून घेतले आणि हातापायांवर झाले. गुडघे तेव्हा शाबूत होते.

"वाट बुजवशील का आमची?" धर्माबाबानं विचारलं.

"बुजवीन!" मी अशी डरकाळी फोडली की पुढची पोरं खरंच मागे पळाली. मग मला थांबता येईना. "का नाही बुजवणार? तुम्ही माझा साग तोडता! माझ्या रोपवाटिकेत शेळ्या घालता! मागच्या उन्हाळ्यात वणवा कुणी लावला, ते सांगा आधी!" साठलेलं सगळं बाहेर पडलं. गावाला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. असा भांडखोर वाघ त्यांनी कधी पाहिला नव्हता. बायकांनी मला डहाळ्यांनी झोडपत माळभर पळवलं. त्यातल्या काहींच्या मोळ्या मी जप्त केल्या होत्या. त्यांनी जरा जोरात हिशेब चुकता केला.

दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा "बुजवीन!" म्हटलं. मग मला देवापुढे आणलं. धर्माबाबा वाकून माझ्या तोंडाशी आला. आता त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती.

"बाई, वाट बुजवशील का आमची?"

मागे साहेब उभे, जेसीबीचं इंजिन चालू, हुकूम झालेला. मला नोकरी प्यारी होती, खोटं कशाला बोलू. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर आणि त्या देवाच्या तोंडावर माझ्या तोंडून दुसरं काही निघेना. मी म्हटलं, "नाही बुजवणार."

साहेबांनी हसून टाळ्या वाजवल्या. "छान झालं! पगारे मॅडम, उत्तम अभिनय. आता काम सुरू करा."

जेसीबीचं इंजिन बंद झालं. ड्रायव्हर सुरगाण्याकडचा. तो खाली उतरला, किल्ली खिशात घातली आणि देवापुढे जाऊन प्रसाद घेतला. म्हणाला, "मी नाय खोदत, साहेब. बाईनं बोल दिला. तिचा बोल मी मोडला तं वाघ माझ्या घरी येईल. माझं बी घर रानातच हे."

"अहो, ते नाटक होतं!"

"तुला नाटक, मला नाय."

साहेब लालबुंद झाले. दुसरा ड्रायव्हर आणतो म्हणून तरातरा जीपकडे गेले आणि तसेच थांबले. गुराखी सगळे देवापाशी, गुरं मोकळी. ऊन चढलं तशी ती गुरवाटेच्या सावलीत येऊन बसली होती, वाटेच्या वरच्या तोंडापासून वळणापर्यंत. रवंथ चाललेलं. ढवळा जीपच्या अगदी पुढे. साहेबांनी हॉर्न दिला. ढवळ्यानं कान हलवला.

"उठवा यांना!" साहेब ओरडले.

"आज नाय," धर्माबाबा म्हणाला. "आज बारस. आज गुराला काठी लावत नसतात. उठतील त्येंच्या मनानं."

ती संध्याकाळपर्यंत उठली नाहीत. साहेब आधी जीपमध्ये बसले. मग भूक लागली तेव्हा पंगतीत येऊन बसले. भात आणि उडदाची आमटी दोनदा मागून घेतली. डॉक्टर त्यांच्या शेजारी होते, तोंडावरची राख तशीच. ते बसलेल्या गुरांकडे बघत म्हणाले, "साहेब, माझी गाडी कशावरूनही जाते. पण यांच्यातून नाही जाणार हो."

साहेबांचा घास हातात राहिला. हुशार होते, त्यांना सांगावं लागलं नाही. दर रविवारी दुपारी गुरं वाटेतच बसवायची, असं तिथंच ठरलं. मंजूर झालेला चर कुठेतरी खोदणं भाग होतं, तो आमच्या रोपवाटिकेभोवती खोदला. शेळ्या आत जायच्या थांबल्या. त्याबद्दल गावानं मला बरेच दिवस शिव्या घातल्या.

पण बोल वर्षाचाच. पुढच्या बारशीला मला पुन्हा बोलावणं आलं, त्याच्या पुढच्यालाही. मधे माझी बदली विंचूरकडे झाली. तिथून रजा टाकून गेले. रजेचं कारण विचारलं तर "धार्मिक" म्हणून सांगायची. साहेब बढतीवर दूर गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनाही चराची कल्पना सुचली, पण राऊंडबाईचा बोल आहे म्हटल्यावर पेठ-सुरगाण्यात खोदायला ड्रायव्हरच मिळेना.

मग मी निवृत्त झाले. गेल्या बारशीला हिरामणचा फोन आला तेव्हा म्हटलं, "अरे, मी आता कोण? नव्या राऊंडसाहेबाला वाघ करा. माझ्या बोलाला आता काय किंमत?" तरी गेले. म्हातारा आता चालत नाही. त्याला खाटेवर घालून माळावर आणला होता. मी त्यालाही तेच सांगितलं. माझ्यामागे आता खातं नाही, साहेब नाही, शिक्का नाही, माझ्या शब्दानं कुणी अडणार नाही, असं सगळं समजावलं.

त्यानं ऐकून घेतलं आणि चिडून म्हणाला, "खात्याला कोन इचारतो? खातं कवा देवापुढं वाकलं? तू वाकलीस. चल, हो वाघ. गुरं खोळंबलीत."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला बक्षिसं मिळाली, मेमोही मिळाले. पण माझा नुसता शब्द कुणी कधी मागितला नव्हता. माझे डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून मी मुद्दाम फार मोठी डरकाळी फोडली. गुडघे आता वाकत नाहीत. नाशकाहून चालत वर आलेल्या डॉक्टर केदारांनी एका बाजूनं धरलं, हिरामणनं दुसऱ्या. दोनदा भांडले, दोनदा मार खाल्ला. तिसऱ्यांदा म्हाताऱ्यानं खाटेवरून विचारलं, "वाट बुजवशील का आमची?"

"नाही बुजवणार," मी म्हटलं.

"मंग सोडा गुरं," धर्माबाबा म्हणाला, आणि गुरं वाटेला लागली.